डबीवर टीएचसी ३ टक्के लिहिलंय, मग एवढं चढलं कसं?

फेब्रुवारीतली गोष्ट आहे. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील, बाहेर बर्फ पडत होता, मुलगी झोपली होती आणि मी दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी मेथी निवडत बसले होते, तेवढ्यात शेजारच्या आजींचा फोन आला. एरवी त्या मेसेज करतात, त्यामुळे फोन वाजला तेव्हाच मला वाटलं काहीतरी गडबड आहे. "माझं हृदय बंद पडतंय बहुतेक, तू येतेस का?" एवढंच म्हणाल्या. मी नवऱ्याला मुलीकडे बघ म्हणून सांगितलं आणि बूट अर्धवट घालून पळाले. आजी सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या, दोन्ही हातांनी उशी घट्ट धरलेली, ओठ कोरडे पडलेले, डोळे लालभडक, आणि सारखं म्हणत होत्या की वेळ पुढेच सरकत नाहीये. वय ७१. मी आधी ९११ लावला, बाकीचं नंतर विचारू म्हटलं. ॲम्ब्युलन्सवाले आले, ईसीजी काढला, ठोके १३० च्या आसपास होते पण हृदयाचा झटका वगैरे काही नव्हतं. त्यातल्या एकाने शांतपणे विचारलं, "आज गांजाचं काही घेतलंत का?" तेव्हा आजींनी टेबलावरच्या छोट्या काचेच्या डबीकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "पण त्यात तर फक्त ३ टक्के टीएचसी आहे!"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जातच नाहीये (टीएचसी म्हणजे गांजातलं नशा आणणारं द्रव्य). कारण आजी खोटं बोलत नव्हत्या. डबीवर खरंच तसंच लिहिलेलं होतं.

आम्ही डेन्व्हरजवळ राहतो. कोलोरॅडोत २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये लोकांनी मत देऊन गांजा कायदेशीर केला आणि १ जानेवारी २०१४ पासून २१ वर्षांवरच्या कोणालाही दुकानातून तो विकत मिळायला लागला. आता इथे ही दुकानं इतकी आहेत की आपल्याकडे मेडिकलची असतात तशी, सिग्नलला गाडी थांबली की एखादं दिसतंच. मी स्वतः घेत नाही, पण केमिस्ट्री माझा विषय आहे. नाशिकला असताना अंबडच्या एका औषध कंपनीत क्यूसीमध्ये, म्हणजे मालाची तपासणी करणाऱ्या विभागात, सहा वर्षं काढलीत, दिवसभर एचपीएलसी नावाच्या घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनसमोर बसून आलेखावरचे 'पीक' म्हणजे उंचवटे मोजायचे, आणि इथे आता पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते. त्यामुळे त्या रात्री आजी शांत झोपल्यावर (ॲम्ब्युलन्सवाल्यांनी सांगितलं होतं की कोणीतरी सोबत थांबा, म्हणून मी पहाटेपर्यंत तिथेच होते) मी ती डबी हातात घेतली आणि चष्मा लावून वाचली. बारीक अक्षरात एकाखाली एक दोन ओळी होत्या. टीएचसीए ८२ टक्के. टीएचसी ३ टक्के. आजींना टीएचसी हा शब्द माहीत होता, त्यांनी तोच शोधला, तोच वाचला. वरच्या ओळीतला तो एक जास्तीचा 'ए' म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. दुकानातल्या मुलाला त्यांनी विचारलं होतं, गुडघ्यासाठी काहीतरी हलकं द्या, आणि त्याने ही डबी दिली. अशा कॉन्सन्ट्रेटबरोबर, म्हणजे गांजाच्या घट्ट अर्काबरोबर, दुकानाने एक माहितीपत्रक द्यायचं असा इथला नियम आहे, ते पिशवीत होतं, पण घडी सुद्धा न मोडलेलं.

तर तो 'ए' काय आहे ते सांगते, कारण सगळं तिथेच आहे.

खूप लोकांना वाटतं की गांजाच्या झाडात टीएचसी असतं. ताज्या हिरव्या झाडात टीएचसी जवळजवळ नसतंच. झाड बनवतं ते टीएचसीए, म्हणजे त्याचं ॲसिड रूप. मादी झाडाच्या फुलावर बारीक बारीक केसांसारखे दांडे असतात आणि प्रत्येक दांड्याच्या टोकावर एक चकाकणारा थेंब, भिंगातून बघितलं तर पहाटे गवतावर दव पडल्यासारखं दिसतं. त्याला ट्रायकोम म्हणतात. त्या थेंबात झाड आधी सीबीजीए नावाचा एक पदार्थ तयार करतं, आणि मग त्यापासून एका एन्झाइमने टीएचसीए होतं किंवा दुसऱ्या एन्झाइमने सीबीडीए होतं, कुठलं झाड आहे त्यावर. बास, झाडाचं काम इथे संपलं. टीएचसीए हा रेणू तसाच्या तसा पोटात गेला तर डोकं गरगरत नाही, कारण आपल्या मेंदूत ज्या सीबी-१ नावाच्या रिसेप्टरवर टीएचसी जाऊन बसतं, तिथे टीएचसीएला नीट बसताच येत नाही. त्याला एका बाजूला कार्बन आणि ऑक्सिजनचा एक गट जास्तीचा चिकटलेला असतो. मी आजींना नंतर समजावताना पेन दाखवलं. टोपण लावलेलं पेन कागदावर कितीही घासा, उमटत नाही. शाई आत पूर्ण भरलेली आहे, पण टोपण आहे. टीएचसीए म्हणजे टोपण लावलेलं टीएचसी.

आणि ते टोपण उष्णतेने निघतं. साधारण १०५ ते १२० अंश सेल्सिअसला अर्धा-पाऊण तास ठेवलं तर हळूहळू, आणि पेटवलं किंवा तापलेल्या कॉइलवर टाकलं तर क्षणात. टोपण म्हणजे कार्बन डायऑक्साईड, ते हवेत उडून जातं आणि मागे राहतं टीएचसी. ढोकळ्यात आपण सोडा घालतो, तापला की त्यातून हाच गॅस निघतो आणि पीठ फुगतं, रिॲक्शन वेगळी आहे पण निघणारा गॅस तोच. टीएचसीएचे खडे वितळवले की बुडबुडे येताना दिसतात, तो हाच.

आता यातलं गणित बघा, ते फार सोपं आहे आणि मला वाटतं प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावायला पाहिजे. टीएचसीएच्या रेणूचं वजन साधारण ३५८, त्यातून कार्बन डायऑक्साईडचे ४४ गेले की राहतात ३१४. ३१४ ला ३५८ ने भागलं की येतात ०.८७७. म्हणून लॅबवाले एकूण टीएचसी काढताना टीएचसीएच्या आकड्याला ०.८७७ ने गुणतात आणि त्यात आधीपासून असलेलं टीएचसी मिळवतात. आजींची डबी: ८२ गुणिले ०.८७७ म्हणजे जवळजवळ ७२, अधिक ३. झाले ७५ टक्के. तीन नाही, पंच्याहत्तर. आजींनी नातवाने दिलेल्या बॅटरीवरच्या वेपोरायझरमध्ये (तापवून वाफ ओढायचं छोटं यंत्र) एक तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा टाकला होता, "एवढुसा तर होता" म्हणाल्या. तांदळाचा एक दाणा साधारण २०-२५ मिलीग्रॅमचा असतो, त्या वजनाचा तुकडा धरला तर त्यात १५ ते १९ मिलीग्रॅम टीएचसी. त्यातलं सगळं शरीरात जात नाही, बरंच वाफेबरोबर बाहेर जातं, नळीला चिकटतं, पण कोलोरॅडोत खायच्या गमीत एका वेळची मात्रा १० मिलीग्रॅम धरतात आणि ती सुद्धा नवख्या माणसाला जास्त होऊ शकते. आणि आजींनी दहा मिनिटं वाट बघून, गुडघा अजून दुखतोय म्हणून, दुसरा दाणा टाकला होता.

नाशिकच्या दिवसांमुळे मला यातली आणखी एक गोष्ट लगेच दिसली. गांजा तपासायची दोन मोठी मशीन आहेत, जीसी आणि एचपीएलसी. जीसीमध्ये सॅम्पल आत टाकतानाच अडीचशे-तीनशे अंशाला तापतं, म्हणजे टोपण मशीनच्या दारातच उडतं, आणि रिपोर्टवर फक्त टीएचसी दिसतं, टीएचसीए दिसतच नाही. एचपीएलसीमध्ये सॅम्पल द्रवात विरघळवून साधारण खोलीच्या तापमानाला कॉलममधून जातं, तापवत नाहीत, त्यामुळे टीएचसीएचा पीक वेगळा आणि टीएचसीचा पीक वेगळा, दोन्ही स्वच्छ. एचपीएलसीची पद्धत जास्त खरी आहे, झाडात जे आहे तेच दाखवते. पण त्याच खरेपणामुळे डबीवर टीएचसीचा आकडा छोटा आला आणि केमिस्ट नसलेल्या बाईला तोच आकडा 'आपल्याला किती चढणार' असा वाटला. मशीनचा आकडा बरोबर होता, आणि तो ज्याच्यासाठी छापला त्याला त्याचा अर्थच लागत नव्हता. मला याचा खरंच त्रास होतो, कारण औषधाच्या स्ट्रिपवर आपण असं कधी चालवून घेतलं नसतं.

कॉन्सन्ट्रेट म्हणजे नक्की काय तेही सांगते. ते ट्रायकोमचे थेंब झाडापासून वेगळे करून एकत्र केले की झालं कॉन्सन्ट्रेट, बाकी सगळे प्रकार कसे वेगळे केले त्यावरून. आपल्याला ही कल्पना अजिबात नवीन नाहीये. झेंडूची फुलं खुडून झाली की बोटांना एक चिकट वासाचा थर बसतो ना, हिमाचलात मलाण्याकडे गांजाची ताजी फुलं तशीच तासन्‌तास तळव्यात चोळतात आणि हाताला जे काळपट चिकट बसतं ते खरवडून गोळा करतात, तो चरस. म्हणजे चरस हे जगातल्या जुन्या कॉन्सन्ट्रेटपैकी एक. सुकलेली फुलं चाळणीतून चाळली की खाली पडते ती कीफ, ती दाबली की हशीश. बर्फाच्या पाण्यात फुलं ढवळून थेंब गारठवून तोडले आणि गाळले की बबल हॅश. गरम प्लेटमध्ये दाबून तेल काढलं की रोझिन, यात कुठलंही सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारं रसायन, नाही म्हणून ते महाग. आणि ब्युटेनने काढलं की मग ते कसं दिसतं त्यावरून नावं बदलतात, काचेसारखं असेल तर शॅटर, मऊ लोण्यासारखं असेल तर बडर, मेणासारखं असेल तर वॅक्स. झाड न सुकवता कापल्या कापल्या गोठवून त्यातून काढलं तर लाइव्ह रेझिन, त्यात वास जास्त टिकतो. साध्या फुलात साधारण १५ ते २५ टक्के टीएचसीए असतं, यातल्या बऱ्याच प्रकारात ६० ते ९०, आणि डायमंड म्हणून जे खडीसाखरेसारखे खडे मिळतात ते तर जवळजवळ शुद्ध टीएचसीए असतात, ९५ च्या वर.

गंमत वाटेल, पण त्या डायमंडच्या डबीवर टीएचसी शून्याच्या जवळ लिहिलेलं असू शकतं. आणि डिस्टिलेट नावाचं दुसरं एक मधासारखं तेल असतं, ते बनवतानाच खूप तापवतात त्यामुळे टोपणं आधीच उडालेली, त्यावर टीएचसी ८५-९० आणि टीएचसीए शून्याजवळ. दोन डब्या शेजारी ठेवल्या तर आकडे एकदम उलटे दिसतील आणि तापवून ओढल्यावर दोन्ही सारख्याच जोरात लागतील. फरक एकच, डिस्टिलेट चमच्याने तसंच खाल्लं तरी चढतं, डायमंड तसाच गिळला तर फारसं काही होत नाही. पण 'फारसं नाही' वर कोणी भरवसा ठेवू नये, कारण टोपण नुसतं ठेवल्यानेही हळूहळू गळतं, उजेडात आणि उबेत लवकर, आणि डबी किती महिने कुठल्या फडताळात होती हे आपल्याला माहीत नसतं.

यावरून मला आपली भांग आठवली. लहानपणी महाशिवरात्रीला गोदाकाठी ठंडाईच्या गाड्या लागायच्या, बाबा लांबूनच दाखवायचे. भांगेत पानं असतात, फुलांपेक्षा पानात हा माल खूप कमी, पण पानं वाटून नुसती गार पाण्यात घेण्यापेक्षा उकळून दुधात किंवा तुपात शिजवून घेतात. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात आणि तिचं शोधन सांगितलंय: पानं पुरचुंडीत बांधून हिरवं पाणी यायचं थांबेपर्यंत धुवायची, वाळवायची आणि गाईच्या तुपात मंद आचेवर भाजायची. वैद्य हे दोष काढायला म्हणून सांगतात, आणि मला केमिस्ट म्हणून त्यात दोन गोष्टी एकत्र दिसतात, टोपण काढणारी आच आणि हे रेणू विरघळवून घेणारं तूप, कारण टीएचसी पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. कुंभमेळ्यात साधूंच्या चिलमीत तेच काम निखारा करतो. रेणूचं नाव कोणाला माहीत नसताना हातांना हे माहीत होतं.

रेणूची नेमकी ओळख पटायला १९६४ साल उजाडलं. इस्रायलमध्ये रफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी पोलिसांनी पकडलेल्या लेबनीज हशीशमधून टीएचसी वेगळं केलं. मेशुलाम पोलिसांकडून पाच किलो हशीश मागून घेऊन बसने लॅबमध्ये घेऊन आले होते ही गोष्ट त्यांनी स्वतःच पुष्कळदा सांगितलीये. मेंदूतला रिसेप्टर १९८८ मध्ये सापडला, आणि मग प्रश्न आला की आपल्या मेंदूत ही जागा गांजासाठी तर नसणार, मग शरीर स्वतः काय बनवतं जे तिथे बसतं? १९९२ मध्ये त्यांच्याच लॅबमध्ये तो पदार्थ सापडला आणि त्याला नाव दिलं आनंदामाइड, संस्कृतातल्या 'आनंद' वरून. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. मेशुलाम २०२३ च्या मार्चमध्ये गेले.

पण आनंदामाइड शरीर थोडंथोडं बनवतं आणि लगेच मोडून टाकतं. टीएचसी तसं पटकन मोडत नाही, चिकटून बसतं. फुलापेक्षा कॉन्सन्ट्रेटमध्ये ते एका झुरक्यात किती तरी जास्त जातं. इथल्याच बोल्डरच्या कोलोरॅडो युनिव्हर्सिटीने लोकांच्या घरासमोर लॅबची व्हॅन नेऊन एक अभ्यास केला होता, २०२० मध्ये छापून आला, त्यात कॉन्सन्ट्रेट घेणाऱ्यांच्या रक्तात फुलं ओढणाऱ्यांच्या साधारण दुप्पट टीएचसी सापडलं, पण तोल आणि स्मरण वगैरे चाचण्यांत ते दुप्पट बिघडलेले दिसले नाहीत. काही लोक हे वाचून म्हणतात बघा काही होत नाही. ते सगळे नेहमी घेणारे लोक होते, शरीराला सवय झालेली. आजींसारख्या चाळीस वर्षांत हात न लावलेल्या बाईवर तो निष्कर्ष लावता येत नाही. आणि सवय झालेल्यांचंही सगळं ठीक असतं असं नाही. युरोप आणि ब्राझीलमधल्या ठिकाणांचा एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये लॅन्सेट सायकिॲट्रीत आला, रोज १० टक्के किंवा त्याहून जास्त टीएचसीचा गांजा घेणाऱ्यांमध्ये सायकोसिसची (भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराची) शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट दिसली. त्यात 'स्ट्राँग' म्हणजे दहा टक्के धरलेत हो. इथे आपण ७५ वर बोलतोय. शिवाय काही वर्षं रोज घेणाऱ्यांना उलट्यांचा एक आजार होतो, थांबतच नाहीत, फक्त कढत पाण्याखाली उभं राहिलं की बरं वाटतं, ओळखीतल्या एका मुलाला कितीतरी महिने कळलंच नाही की हे त्यामुळे होतंय.

आणि अजून एक, थेंबांबरोबर बाकीचंही घट्ट होतं. झाडावर कीटकनाशक मारलं असेल तर कॉन्सन्ट्रेटमध्ये तेही गोळा होऊन येतं. मायक्लोब्युटानिल हे बुरशीचं औषध द्राक्षवाल्या आमच्या नाशिकमध्ये सगळ्यांना माहीत आहे, ते तापवलं की हायड्रोजन सायनाइड निघू शकतं. द्राक्ष कोणी पेटवून ओढत नाही, हे ओढतात. खूप जास्त तापवलं तर वासाच्या द्रव्यांतूनसुद्धा बेंझिन तयार होतं, पोर्टलँड स्टेट युनिव्हर्सिटीने २०१७ मध्ये ते मोजून दाखवलं. म्हणून गॅसच्या टॉर्चने 'नेल' नावाचा तुकडा लाल करून त्यावर डॅब, म्हणजे कॉन्सन्ट्रेटचा कण, टाकणाऱ्या पोरांना बघितलं की मला धडकी भरते. आणि २०१९ ची वेप ओढणाऱ्यांमधली ती फुप्फुसाच्या आजाराची साथ आठवत असेल, अमेरिकेत २,८०० च्या वर लोक हॉस्पिटलमध्ये गेले, ६८ मेले, मुख्य कारण निघालं व्हिटॅमिन ई ॲसिटेट, बाजारातल्या चोरट्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे वेपला लावायच्या तेलाच्या नळीत, तेल दाट दिसावं म्हणून मिसळलेलं. लेबल वाचणं तर झालंच, पण जिथे तपासणीच नाही तिथलं लेबल वाचून काय उपयोग.

आता ज्यांच्यासाठी मी खरं तर हे लिहायला बसले त्यांच्याबद्दल. आपली मराठी मुलं शिकायला कितीतरी राज्यांत जातात आणि तिथे गांजा कायदेशीर नसतो, पण पेट्रोल पंपावर, स्मोक शॉपमध्ये 'टीएचसीए हेम्प' (हेम्प म्हणजे टीएचसी नगण्य असलेलं गांजाचंच झाड) म्हणून फुलं आणि डायमंड उघड मांडलेले असतात. माझ्या मैत्रिणीचा मुलगा टेक्सासमध्ये एमएस करतोय, त्याने मला सरळ सांगितलं, "मावशी, ते हेम्प आहे, फेडरल लीगल आहे, टीएचसी ०.३ च्या खाली आहे, पावतीवर क्यूआर कोड पण असतो." तो क्यूआर कोड मी उघडून बघितला. टीएचसी ०.२, टीएचसीए २४. दुकानातल्या कुठल्याही चांगल्या गांजाचा असाच रिपोर्ट असतो, कारण गांजा असतोच असा!

झालं असं की २०१८ च्या फार्म बिलात, म्हणजे अमेरिकेच्या शेतीच्या कायद्यात, हेम्पची व्याख्या करताना डेल्टा-९ टीएचसी (म्हणजे नेहमीचं, टोपण नसलेलं टीएचसी) सुक्या वजनाच्या ०.३ टक्क्यांपर्यंत एवढंच लिहिलं. टोपण लावलेल्याचं नाव घेतलं नाही. शेतात कापणीच्या आधी सरकारी तपासणी होते तिथे मात्र एकूण टीएचसी बघतात, म्हणजे ०.८७७ चं गणित शेतकऱ्याला लागू, पण माल दुकानात आला की विकणारे म्हणतात आम्ही फक्त डेल्टा-९ बघणार. या एका फटीतून एवढा मोठा धंदा उभा राहिला. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये काँग्रेसने ही व्याख्या बदलून टीएचसीए धरून एकूण टीएचसी मोजायचं ठरवलं, आणि बदल लागू व्हायला एक वर्षाची मुदत दिली. माझ्या मते हे पहिल्या दिवसापासून असंच असायला हवं होतं. गांजा कायदेशीर असावा की नसावा यावर लोकांची मतं वेगवेगळी असतील, माझ्याच घरात वेगळी आहेत, पण केमिस्ट्रीचा एक अर्धवट तुकडा कायद्यात घालून पोरांना 'हे तसलं नाही' असं सांगून तेच विकणं मला सहन होत नाही.

त्या मुलाची इंटर्नशिप गेली. लघवीच्या तपासणीत पॉझिटिव्ह आला. त्याने क्यूआर कोड दाखवला, पण लघवीत मोजतात तो टीएचसी मोडून झालेला पदार्थ, आणि टोपण निघाल्यावर शरीराला काय माहीत की हे हेम्पच्या पाकिटातून आलंय. आईला सांगायला त्याला तीन आठवडे लागले, मला आधी सांगितलं. मी रागावले नाही, कागद घेऊन ते ३५८ वजा ४४ करून दाखवलं, तो गप्प बसला आणि मग म्हणाला, "मावशी हे मला कोणीतरी आधी दाखवायला हवं होतं."

व्हिसावाल्यांनी तर फारच सांभाळा. राज्याचा कायदा काहीही असो, फेडरल कायद्यात गांजा अजून बंदच आहे आणि इमिग्रेशन फेडरल आहे. एप्रिल २०१९ मध्ये इमिग्रेशनने लेखी सांगितलं की गांजाच्या धंद्यात नुसती नोकरी केली, राज्यात कायदेशीर असलेली, तरी सिटिझनशिपला अडचण येऊ शकते. मला त्याच सुमारास एका गांजा तपासणाऱ्या लॅबने एचपीएलसीसाठी बोलावलं होतं, काम माझ्या हातचं, पगारही बरा, पण ग्रीन कार्ड होतं आणि वकिलाने स्पष्ट नको सांगितलं, म्हणून नाही म्हणाले. पाणी तपासते ते असं.

आणि कोणी सुट्टीत घरी जाताना बॅगेत एखादं कार्ट्रिज राहिलं तर काय होतंय असं म्हणत असेल तर कृपा करून ऐका. भारताच्या १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात भांगेची पानं व्याख्येबाहेर आहेत पण वेगळी केलेली राळ, कच्ची असो की शुद्ध, आणि हशीश ऑइल हे सगळं चरस म्हणून धरतात. कॉन्सन्ट्रेट म्हणजे तेच. गांजाची 'कमी मात्रा' १ किलोपर्यंत धरतात, चरसची १०० ग्रॅमपर्यंतच, आणि कमी मात्रेलाही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. वरून ई-सिगारेटवर २०१९ पासून वेगळी बंदी आहेच. टीएचसीए आहे, टीएचसी नाही, हे मुंबई विमानतळावर कोणाला समजावणार तुम्ही?

टीएचसीए तापवल्याशिवाय घेतलं तर सूज, मळमळ यावर काही उपयोग होतो का यावर प्राण्यांमध्ये आणि पेशींवर काम झालंय, माणसांवरचा पुरावा अजून फार थोडा आहे. आजींनी तेही विचारलं. मी म्हटलं डॉक्टरांना विचारा, तुम्ही रक्त पातळ करायची गोळी घेता, तिच्याशी गांजाची द्रव्यं भांडू शकतात. त्या गेल्या, खरं ते सगळं सांगितलं, डबीसुद्धा नेऊन दाखवली. डॉक्टरांनी आधी गुडघ्याचा एक्स-रे काढला आणि फिजिओथेरपी लिहून दिली, जी दोन वर्षांपूर्वीच सुरू व्हायला हवी होती.

त्यांनी गांजा पूर्ण सोडलाय असं नाही, तो त्यांचा निर्णय आहे. मागच्या शनिवारी दुकानातूनच त्यांचा फोन आला. म्हणाल्या थांब, मी वाचते, तू फक्त ऐक. टीएचसीए ७८, टीएचसी २. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मला मागे दुकानातली गाणी ऐकू येत होती आणि त्यांच्या मोबाइलच्या कॅल्क्युलेटरचे टकटक आवाज. मग म्हणाल्या, "सत्तर. ही नको." आणि दुकानातल्या मुलाला तो आकडा कुठून आला हे समजावून सांगायला लागल्या, फोन चालूच राहिला होता, मी मेथी तशीच ठेवून ऐकत बसले.